दहा वाघिणी आणि उडणारा हत्ती

दिवाळी अंकात लहान लेकरांच्या चित्रपुस्तकांवर मी एक पान लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, २०१७ साली निवृत्त झाले. आता रविवारी सकाळी ओसरीवर पत्र्याची ट्रंक उघडून बसते आणि गल्लीतली लेकरं येतात. ट्रंकेत दीडशेक पुस्तकं आहेत. त्यातली धड म्हणावीत अशी शंभर.

प्रश्न : माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. तिच्या मामीनं चित्रांचं एक पुस्तक दिलं. त्यात हत्ती छत्री धरून उडतो आणि ढगावर घर बांधतो. अशा खोट्या गोष्टींनी मूल गोंधळत नाही का? शिवाय बत्तीस पानांत जेमतेम चाळीस वाक्यं. त्यापेक्षा अंकलिपी घेतली तर चार अक्षरं तरी येतील, असं मला वाटतं. (एक वडील, उदगीर)

दादा, २०१६ चा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आदल्या दिवशी मी वर्गात पेपर वाचून दाखवला : दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. वर्ग हसायला लागला. ‘बाई गप्पा हाणायल्यात!’ रेल्वेत माणसं बसतात, पाणी कुठं बसतं का? आणि एका पोरीनं तर गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘बाई, वाघिणी वाटेत पाणी पिल्या नाहीत का?’ मालडब्याला वाघीण म्हणतात हे तिला कुठून ठाऊक असणार? तिनं आपल्या डोळ्यांपुढं दहा पट्टेदार वाघिणी उभ्या केल्या होत्या, पाठीवर पखाली घेऊन मिरजेहून निघालेल्या.

गंमत अशी की त्याच आठवड्यात याच वर्गाला मी एका बोलणाऱ्या बेडकाचं पुस्तक दाखवलं. बेडूक सायकलवर बसून बाजारात गेला, कुणाची काही तक्रार नाही. खऱ्या बातमीवर विश्वास बसेना आणि बेडकाची सायकल मात्र बिनबोभाट चालली. कारण पुस्तक उघडलं की खेळ सुरू झाला, हे चार वर्षांच्या लेकराला पक्कं कळतं. तुमची मुलगी छत्री घेऊन माळवदावरून उडी मारणार नाही. एवढी काळजी वाटत असेल तर तिलाच विचारा, ‘आपली म्हैस अशी उडंल का गं?’ ती तुमच्याकडं ज्या नजरेनं बघेल, त्यात तुमचं उत्तर आहे.

बत्तीस पानांचं म्हणाल, तर तो छापखान्याचा हिशेब आहे. मोठ्या कागदाला घड्या घातल्या की आठ, सोळा, बत्तीस अशीच पानं पडतात. आणि वाक्यं कमी असतात ती चित्रकारासाठी जागा सोडायची म्हणून. समजा खाली लिहिलंय, ‘सगळे गाढ झोपले.’ चित्रात बाजेखाली मांजर टक्क जागं आहे आणि त्याच्या तोंडात आजीच्या चष्म्याची दोरी. ते मांजर शब्दांत कुठंच नाही. तुम्ही ओळ वाचून पान उलटायला जाता आणि मुलगी तुमचा हात धरते. तिनं तुमच्याआधी काहीतरी वाचलेलं असतं. अक्षर न येणाऱ्या लेकराला मोठ्या माणसाच्या पुढं जायची संधी दिवसातून किती वेळा मिळते हो?

अंकलिपी पण घ्या. माझा तिच्यावर राग नाही, मी तिच्यावरच शिकले. पण तिथल्या कमळाला एकच काम असतं, क म्हणून उभं राहायचं. त्या कमळाखाली बेडूक लपलाय का, हे बघायला अंकलिपीत कुणाला सवड नसते.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. तीन आठवडे झाले, रोज रात्री एकच पुस्तक. मला पाठ झालं, कंटाळा आला. तो स्वतः ‘वाचतो’ तेव्हा भलतंच काहीतरी सांगतो, पुस्तकात नसलेलं. सुधारावं का? (एक आई, परळी वैजनाथ)

ताई, सुधारू नका. सुधारल्यानं काय होतं ते मी करून बसले आहे म्हणून सांगते.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील. माझ्याकडं एकच रंगीत पुस्तक होतं. त्यात रात्रीचं एक चित्र : बाभळीचं झाड आणि तिच्या फांद्यांमागं चंद्र. एक मुलगी होती, घरी कुणी शाळेचं तोंड न पाहिलेलं, वर्गात कधी बोलायची नाही. ती त्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, चंद्राला काटे टोचायलेत.’ आणि मी शहाणी! मी म्हणाले, ‘अगं, चंद्र लांब असतो. तो झाडाच्या मागं आहे, झाडात नाही.’ तिनं मान हलवली. त्यानंतर दिवाळीच्या सुटीपर्यंत ती पोरगी त्या पुस्तकाजवळ आली नाही. चाळीस वर्षांत मी वाचलेल्या कवितांमधल्या किती ओळी आठवतात मला? ती ओळ आठवते. ती बोलली तेव्हा मी तिला भूगोल शिकवत होते.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. पान उघडलं की मी आधी गप्प बसते, मनात दहापर्यंत आकडे मोजते. सुरुवातीला फार जड जातं. आपल्या जिभेला शिकवायची खाज असते ना. ‘हे काय आहे? रंग कोणता? किती पक्षी?’ ही तोंडी परीक्षा झाली, आणि परीक्षेला बसलेलं लेकरू बरोबर उत्तर शोधतं, चित्र बघत नाही. फार शांतता वाटली तर आपणच आपल्याला दिसलेलं सांगावं : ‘मला ही बाई रुसल्यासारखी दिसायली.’ मग बघा कसं भांडण सुरू होतं. ‘रुसली न्हाय, तिचं पोट दुखायलंय.’ का? ‘तिनं कच्च्या कैऱ्या खाल्ल्या.’ कैऱ्या चित्रात कुठंच नसतात. नसू देत.

आता एकाच पुस्तकाचं. तुम्हाला वाटतं तो तीच गोष्ट एकवीस वेळा ऐकतोय. तसं नाही. पहिल्या वेळी काय होतं तेवढं कळतं. मग कोपरे दिसायला लागतात, मागं पळणारा कुत्रा, खिडकीतला माणूस. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पुढं काय येणार हे माहीत असूनही वाट बघायची मजा. त्याला आता पान उलटायच्या आधीचा क्षण हवा असतो. पाहुणे फाटकाशी आलेत, चपलांचा आवाज आलाय, दार अजून उघडायचंय, तसा. तिथं मुद्दाम अडून बसा. पानाचा कोपरा चिमटीत धरा आणि थांबा. तो तुमच्या मांडीवर उड्या मारेल. एखादा शब्द गाळूनही बघा, रात्री अकरा वाजता अर्धवट झोपेत असला तरी तुमची चोरी पकडेल.

कंटाळा येणारच. मलाही यायचा. एक दिवस वाचायचं काम त्याच्यावर सोपवा आणि तुम्ही भाजी निवडत ऐका.

प्रश्न : मी अडाणी बाई आहे, हे पत्र शेजारची मुलगी लिहून देत आहे. लेक-सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, नातू माझ्यापाशी असतो. पाच वर्षांचा आहे. अंगणवाडीतून चित्राचं पुस्तक आणतो आणि म्हणतो, ‘आज्जे, वाच.’ मला अक्षर येत नाही. लाज वाटते. त्याला काय सांगू? (एक आजी, धारूर तालुका)

माय, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतरांना मी सल्ला दिलाय, तुम्हाला एक गोष्टच सांगते.

आपल्या मराठवाड्यात चित्र दाखवून गोष्ट सांगायची रीत पुस्तकांच्या कितीतरी आधीची आहे. चित्रकथी म्हणून लोक असायचे. मोठ्या सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातली चित्रं काढलेली, मोठमोठ्या डोळ्यांची, लाल-पिवळ्या रंगांची. एक-एक कागद समोर धरायचा आणि गात-बोलत गोष्ट सांगायची. त्यातल्या एका तऱ्हेला तर आपल्या पैठणचंच नाव आहे. खाली कोकणात पिंगुळीचे ठाकर लोक हे अजून करतात. त्या चित्रांवर वाचायला काय लिहिलेलं असणार? गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात असायची.

आणि त्याहून जुनं बघायचं तर अजिंठा. आमच्या शाळेची सहल गेली होती. १७ नंबरच्या लेण्यात भिंतभर जातककथा आहेत, दीड हजार वर्षांपूर्वीच्या. मार्गदर्शक इंग्रजी नावं, शतकं, राजघराणी सांगत होता. मुलांचं तिकडं लक्ष नव्हतं. एक पोरगं माझा पदर ओढून म्हणालं, ‘बाई, ह्यो मघाचाच राजा हाय. तिथं घरात हुता, आता दारात आलाय, तिकडं गाडीत बसलाय.’ बरोबर होतं त्याचं. दान करता करता सगळं गमावलेल्या वेस्संतर राजपुत्राची ती गोष्ट, आणि एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा काढलेला. पान उलटायला नाही म्हणून आपण पुढं सरकायचं. पोराला एक अक्षर न वाचता गोष्ट सापडली. तिथं मी बी.एड. झालेली बाई पाटी वाचत उभी होते.

तेव्हा लाज कसली? नातवानं पुस्तक आणलं की त्यालाच म्हणा, ‘मला दाव, ह्यात कोण कोण हाय.’ मग तुमच्या मनानं सांगा. माझ्या ओसरीवर एकदा अशीच एक आजी आली, नातीला न्यायला. लेकरांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. चित्र होतं, वाघ झाडाखाली बसलाय आणि समोर माकडं. छापील गोष्टीत तो वाघ म्हातारा झालेला वगैरे होता. आजी चित्राकडं बघून म्हणाली, ‘ह्यो दिवाळसणाला आल्याला जावई हाय. धपाटे वाढले न्हाईत म्हून फुगून बसलाय. अन् ह्या मेव्हण्या. दात काढायल्यात बघा कशा.’ मग तिनं त्या वाघाला मनवलं, ठेचा दिला, दही दिलं, कापसाच्या गादीवर निजवलं. पुढच्या रविवारी लेकरं मागायला लागली, ‘ते जावयाचं पुस्तक द्या.’ मी इमानदारीत छापलेलं वाचायला लागले तर म्हणे, ‘तुम्हाला येईना बाई, राहू द्या.’

जात्यावरच्या ओव्या येत असतील, चिमणी-कावळ्याचं शेणाचं घर आणि मेणाचं घर येत असेल, तर तुमच्यापाशी माझ्या ट्रंकेपेक्षा जास्त माल आहे. चित्राला जोडून सांगा, नाही जुळलं तरी चालतं.

आणखी एक. लेक-सून तिकडं कारखान्याच्या फडावर असताना संध्याकाळी फोन येत असेल. त्या वेळी पुस्तक नातवाच्या हातात द्या. ‘जेवलास का, रडलास का’ एवढ्यावर बोलणं संपतं, मग दोन्हीकडं गप्प. त्याऐवजी तो त्याच्या मायला पानं सांगेल. तिला चित्र दिसत नसतं, त्यामुळं त्याला सगळं सांगावं लागतं : वाघ कुठं बसलाय, झाड केवढं आहे. आमच्याकडच्या एका पोरानं असं पुस्तक रोज दोन-दोन पानं करून सांगितलं. त्याची आई परत आली तेव्हा तिनं ते पुस्तक पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, ‘मला वाघ मोठा वाटला हुता.’

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत २३ मुलं आणि आठ पुस्तकं आहेत, त्यातली दोन फाटकी. साठा नोंदवहीत दाखवायची असल्यानं ती कपाटात ठेवावी लागतात. वापरावी कशी? (एक सेविका, गेवराई तालुका)

ताई, कपाटातलं पुस्तक फाटत नाही हे खरं. निवृत्तीच्या वेळी माझ्या एका शाळेच्या कपाटात मला पंधरा वर्षांपूर्वीची कोरी पुस्तकं सापडली. पानं एकमेकांना चिकटलेली, वास नव्या कागदाचा. एकही दात लागला नव्हता. मला तिथं रडू आलं. तुमच्या पर्यवेक्षिकांना माझं हे पान दाखवा वाटल्यास.

बाकी कामाचं सांगते. भिंतीला लेकराच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं त्यावर मधोमध उघडून टांगा, कपड्यांच्या चिमट्यांनी. कणा दिसला तर लेकरू उचलत नाही, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. वाचताना सगळ्यांना अर्ध्या गोलात बसवा. पुस्तक छातीसमोर धरू नका, तुमचंच डोकं त्यात खुपसतं. चेहऱ्याच्या बाजूला, लेकरांकडं तोंड करून धरा आणि तुम्ही तिरकं बघून वाचा. तीन-चार दिवसांत मान सवयीची होते. आठजण एका वेळी, बाकीचे मातीत खेळू देत. तेविसांना एकदम दाखवायला गेलात तर मागच्या रांगेला फक्त पुढच्याचं टाळकं दिसतं.

फाटलं तर मैद्याची खळ आणि जुन्या धोतराची पट्टी. चिकटपट्टी लावू नका, उन्हाळ्यात ती पिवळी पडून पान आणखी खाते. कणा सुटला तर गोधडीच्या सुईनं तीन टाके. आणि पान पूर्ण हरवलंच, तर तिथं कोरा कागद शिवा. माझ्याकडं एका पुस्तकाचं अकरावं पान नाही. त्या पानावर काय झालं असेल हे प्रत्येक तुकडीनं वेगळं सांगितलं, आणि ते मूळ पान मी अजून शोधलेलं नाही.

पुस्तकं वाढवायची तर बंगळुरूच्या प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात, आणि ती उतरवून छापून घ्यायलाही परवानगी आहे. मात्र लेकरांपुढं मोबाइल धरू नका. तुम्ही निवडा, तालुक्याला रंगीत छापून आणा, शिवा. विकतची हवीत तर नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं आहेत, चेन्नईच्या तूलिकेचीही मराठीत येतात. दोन पुस्तकं घ्यायची असली तर एक अगदी बिनशब्दांचं घ्या.

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा मुलगा पुस्तकातल्या राक्षसाला घाबरतो, रात्री उठतो, पण दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक मागतो. पुस्तक लपवून ठेवलं आहे. बरोबर केलं का? (एक आई, हिंगोली)

परत द्या. लपवलेला राक्षस जास्त मोठा होतो. तो पुस्तक मागतोय, कारण तिथं राक्षस त्याच्या हातात आहे. नको वाटलं की मिटता येतं. अंधारातल्या राक्षसाला मिटता येत नाही. दिवसा वाचा, अंगणात वाचा, राक्षसाचं पान आलं की त्यालाच ते धपकन मिटू द्या. दहा वेळा मिटेल. मग एक दिवस मिटणार नाही आणि राक्षसाच्या पायात एकच चप्पल आहे हे त्याला दिसेल.

भीती लेकरं कशी हाताळतात हे मी ९३ साली बघितलं. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते. पुढं आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. एक मुलगा रोज घर काढायचा, भिंती, दार, खिडकी, आणि वर काही नाही. मी विचारलं, ‘छत?’ तर म्हणाला, ‘नको.’ दगड-मातीची माळवदं अंगावर आलेली त्यानं पाहिली होती. मी काही बोलले नाही, तेवढं तोपर्यंत शिकले होते. महिनाभर बिनछताची घरं काढली. मग एके दिवशी घराला खाली चार पाय काढले, म्हशीसारखे, खुरांसकट. म्हणाला, ‘हाललं की ह्ये पळून जातंय.’ आणि त्या घराला त्यानं छत काढलं.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला पुस्तक दाखवणं म्हणजे अतीच ना? (एक आई, नांदेड)

नाही. जाड पुठ्ठ्याचं घ्या, गोल कोपऱ्यांचं, एका पानावर एकच मोठं चित्र आणि मागं मोकळी जागा. मांडीवर घ्या, तुमच्या आवाजात काहीही बोला. उलटं धरलं तर उलटं बघू द्या. ते चावणार. माझ्या ट्रंकेतल्या चार पुस्तकांवर दातांच्या खुणा आहेत, त्यातली एक माझ्या लेकाची आहे. तो आता छत्तीस वर्षांचा आहे.